भुंग्याला मराठी येत नव्हतं

वैजयंता शेरकर "नको" म्हणाली होती. एकदा नव्हे, चार वेळा. सोनवडच्या मैदानावर, चुन्याच्या रेषेला पाय टेकवून, दोन-तीनशे माणसांच्या देखत.

"तिला उतरवू नका सर. गुडघा सुजलाय तिचा. नको!"

बालाघाट खो-खो प्रतिष्ठानचे सचिव उत्तमराव गरड यांनी कानामागे हात धरला आणि शेजारच्या पाहुण्यांकडे बघून हसले. "काय म्हणताय मॅडम? नुसती भुणभुण ऐकू येतीय. ते यंत्र तरी बदला."

पाहुणेही हसले. तोवर तनुजा ओव्हाळ मैदानात गेली होती. सतरा वर्षांची, वैजयंताच्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी. कपडे बदलायच्या खोलीत प्रतिष्ठानच्या माणसानं तिच्या गुडघ्यात बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं. अंतिम सामना होता, चषक द्यायला मंत्री येणार होते आणि तनुजाशिवाय संघ कुणाला बघायचा नव्हता. तिसऱ्या मिनिटाला खांबापाशी वळताना तिचा पाय आतल्या बाजूला फिरला. दुखलं नाही, म्हणून ती तशीच पळाली. पुढचा खो देऊन चौकोनात बसली, आणि तिला खो मिळाला तेव्हा उठताच येईना.

डॉक्टरांनी सांगितलं, अस्थिबंध तुटलाच होता, पण त्या पायावर पळत राहिल्यानं आतली कूर्चाही घासून गेली. चालता येईल. पळणं संपलं.

चौकशी समिती नेमली गेली. तनुजाला समितीनं एकच प्रश्न विचारला, "तुला खेळायचं होतं का?" ती हो म्हणाली. सतरा वर्षांची कुठली खेळाडू अंतिम सामन्यात नको म्हणेल? मग सगळं येऊन थांबलं ते एका मुद्द्यावर: प्रशिक्षिकेनं हरकत घेतली होती का? गरडांनी लेखी कळवलं, "मॅडमनी हरकत घेतल्याचं आम्हांस आठवत नाही. घेतली असल्यास त्यांच्या उपकरणाच्या आवाजात ती समजली नाही."

हे वाचून वैजयंतानं कागद टेबलावर इतक्या जोरात आपटला की ती शिकवायची त्या शाळेच्या शिपायानं दारातून डोकावून पाहिलं.

वैजयंताच्या घशात स्वरयंत्र नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, २०३८ साली, कर्करोगामुळे ते काढावं लागलं. तंबाखूला तिनं आयुष्यात हात लावला नव्हता. दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती हे पाटीवर लिहून दाखवायची, कारण प्रत्येक जण तेच विचारायचा. आता ती गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यायची. ओठ, जीभ, दात सगळं शाबूत होतं. नव्हता तो फक्त तोंडात येणारा नाद.

तो नाद तिला सोलापूरच्या इलाही बागवाननं करून दिला होता. इलाहीभाई तीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत आले होते आणि जुने सिंथेसायझर दुरुस्त करण्यात त्या भागात त्यांच्यासारखा माणूस नव्हता. शाळेचा ध्वनिक्षेपकही तेच दुरुस्त करायचे. एका मोडीत निघालेल्या सिंथेसायझरचे दोन बोर्ड काढून त्यांनी कमरेला लावायची एक डबी बनवली.

तिचं तत्त्व सोपं होतं. डबीत एक कंडेन्सर होता. तो विजेनं भरायचा, पुरता भरला की रिकामा व्हायचा, पुन्हा भरायचा. सेकंदाला दोनशे वेळा असं झालं की दोनशे कंपनांचा स्वर निघायचा. गळ्यावर चिकटवलेल्या दोन चकत्या मानेच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज टिपायच्या. स्नायू ताणले की कंडेन्सर भरण्याचा वेग वाढायचा आणि स्वर चढायचा. छिद्रावरच्या पडद्याला श्वासाचा दाब कळायचा. दाब वाढला की पुढचा फिल्टर जास्त उघडायचा आणि आवाजाला धार यायची. हा सगळा नाद एका बारीक तारेनं टाळूला बसवलेल्या छोट्या स्पीकरमध्ये यायचा आणि वैजयंता ओठ-जिभेनं त्याचे शब्द करायची.

मुलींनी त्या डबीचं नाव ठेवलं होतं भुंगा.

भुंगा लहरी होता. थंडीत पहाटेच्या सरावाला त्याचा स्वर खाली बसायचा, कारण आतले ट्रान्झिस्टर गरम व्हायला वेळ घ्यायचे. मे महिन्यात तो चढायचा. बॅटरी उतरली की घोगरा व्हायचा. पण मैदानावर तिनं "डावी!" म्हटलं की त्याच क्षणी "डावी!" निघायचं. आठवड्याभरात मुलींना त्याचा शब्द न् शब्द कळू लागला. ज्यांना ऐकायचं होतं त्या सगळ्यांनाच कळला.

जालिंदरला मात्र तो आवाज सोसत नव्हता. जालिंदर म्हणजे वैजयंताचा नवरा, बियाणे महामंडळात भांडारपाल. भला माणूस. दवाखान्यात अडतीस दिवस तिच्या उशाशी बसला होता. पण भुंगा बोलायला लागला की तो उठून काहीतरी काम काढायचा. फोनवर तर तो सरळ म्हणायचा, "वैजू, मेसेज कर ना."

गरडांचं ते पत्र आल्यावर जालिंदरच म्हणाला, "आता कंठिका घेऊच. कळलं नाही म्हणायला कुणाला जागाच ठेवायची नाही."

कंठिका हे नवं उपकरण सरकारी योजनेतून मिळत होतं. गळ्याभोवती मऊ पट्टा, त्यात चव्वेचाळीस संवेदक आणि पुढं काड्यापेटीएवढा स्पीकर. त्यात कंडेन्सरचा नाद नव्हता. मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंचे संकेत सेकंदाला हजारो आकड्यांत मोजून त्यातलं सॉफ्टवेअर ओळखायचं, की या बाईला कुठला शब्द म्हणायचाय. मग तो शब्द ते तिच्या जुन्या आवाजात घडवायचं. त्यासाठी कंपनीनं तिच्या आवाजाच्या जुन्या ध्वनिफिती मागवल्या. जालिंदरनं शोधून शोधून नऊ तासांच्या जमवल्या: स्नेहसंमेलनातली निवेदनं, बक्षीस समारंभाची भाषणं, प्रजासत्ताक दिनाचं सूत्रसंचालन.

पट्टा आला त्या संध्याकाळी जालिंदर चहा करत होता. वैजयंता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आलं घातलंय का?"

त्याच्या हातातली सांडशी खाली पडली. तो तिथेच फरशीवर बसला.

"परत म्हण," तो म्हणाला.

"आलं घातलंय का?"

तिनं ते चार वेळा म्हटलं. चौथ्या वेळी तिलाही रडू आलं. तो तिचाच आवाज होता, किंचित नाकातला, 'घ'वर जोर देणारा. त्या महिन्यात ते दोघं गेल्या तीन वर्षांत बोलले नव्हते तितकं बोलले. जालिंदर कामावरून उगाच फोन करायचा. "काही नाही, सहज," म्हणायचा.

मैदानावर कंठिका चालली नाही. शब्द ओळखायला तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागायचा. घरात तो जाणवत नव्हता, पण खो-खोत तेवढ्या वेळात धावणारी मुलगी जवळजवळ एक चौकोन ओलांडते. पहिल्याच सरावात "उजवी" उशिरा आलं आणि एक मुलगी खांबावर आपटता आपटता वाचली. त्यामुळे वैजयंता सरावाला भुंगा लावायची आणि घरी कंठिका. तिला ही सोय वाटली. चपलांचे दोन जोड असावेत तशी.

चौकशीला ती कंठिका लावून गेली.

समितीचे अध्यक्ष निंबाळकर साहेब निवृत्त अधिकारी होते, मृदू बोलणारे. शेजारी दोन सदस्य. समोर पडदा होता आणि कोण काय बोललं ते त्यावर आपोआप उमटत होतं. कोपऱ्यात लतिका दुधाळ नावाच्या लघुलेखिका वही मिटून बसल्या होत्या. पडदा आल्यापासून त्यांना काम उरलं नव्हतं, पण नियमात त्यांची खुर्ची अजून होती. जालिंदर मागच्या बाकावर होता.

"मॅडम, तनुजाला इंजेक्शन देण्याला तुमची संमती होती?" निंबाळकरांनी विचारलं.

"नव्हती," वैजयंता म्हणाली. स्वच्छ, सुरेल. पडद्यावर उमटलं: नव्हती.

"साहेब, मी एक विचारू?" गरड पुढं वाकले. "संमती नव्हती तर थांबवलं का नाही? पोरीवर एवढी माया होती, तर काय करत होत्या ह्या?"

वैजयंताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती उठून उभी राहिली. तिनं म्हटलं, जीभ, ओठ आणि उरलासुरला गळा पणाला लावून म्हटलं: मी चार वेळा नको म्हणाले. तुम्ही हसलात. तुम्ही त्या पोरीचा पाय मोडलात.

आणि काड्यापेटीएवढ्या स्पीकरमधून, बक्षीस समारंभाच्या आवाजात, शब्द आले:

"मी नको म्हणाले असते. तुम्ही हसतमुख होतात. त्या पोरीचा पाय मोडला, याचं वाईट वाटतं."

वैजयंतानं जोरजोरात मान हलवली. हे मी म्हटलं नाही! हे यंत्र खोटं बोलतंय!

"हे मला म्हणायचं नव्हतं," तिचा गोड आवाज म्हणाला. "या यंत्राची मी आभारी आहे."

गरडांनी खुर्चीला पाठ टेकली. वैजयंतानं पट्टा गळ्यातून ओरबाडून काढला आणि तोंड उघडलं. छिद्रातून नुसती हवा फसफसली. निंबाळकरांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"बसा मॅडम. मन मोकळं झालं की असं होतं."

तिनं कागद ओढला आणि लिहिलं: यंत्रानं माझं वाक्य बदललं. मी नको म्हणाले होते. चार वेळा.

निंबाळकरांनी ते वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, लेखी तक्रारीतली तुमची भाषा फार कडक होती. तोंडी साक्षीत तुम्ही ती मवाळ केलीत, हे शहाणपणाचंच झालं. आता पुन्हा मागं जाऊ नका. साक्ष पडद्यावर नोंदली गेलीय."

बाहेर आल्यावर जालिंदर गाडीची किल्ली शोधत म्हणाला, "चांगलं बोललीस. मला भीती होती भांडण होईल म्हणून."

तिनं तोच कागद त्याच्यासमोर धरला. त्यानं तो दोनदा वाचला.

"खरंच?" तो म्हणाला. "पण यंत्र उगाच असं कशाला बोलेल वैजू? तू चिडली होतीस. चिडल्यावर आपण काय बोललो ते आपल्यालाही आठवत नाही."

घरापर्यंत दुचाकीवर ती त्याच्या मागे बसली, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

कंपनीला फोन करायचा तर कुठल्या आवाजात करायचा? कंठिकेतून तक्रार केली तर तिचे आभार व्हायचे. भुंग्यातून केलेला फोन कंपनीच्या स्वयंचलित उत्तरयंत्रानं "आपला आवाज ओळखता आला नाही" म्हणून तीन वेळा तोडला. शेवटी व्हिडिओवर एक समाधान अधिकारी मिळाला. पंचविशीतला, नीटनेटका. वैजयंतानं टाइप करायचं आणि त्यानं बोलायचं, असं ठरलं. जालिंदर शेजारी बसला होता.

"मॅडम, आमची अचूकता सत्त्याण्णव टक्के आहे," अधिकारी म्हणाला.

उरलेल्या तीन टक्क्यांत काय येतं, तिनं टाइप केलं.

तो थोडा घुटमळला. "मुख्यतः तीव्र ताणातली वाक्यं. तुम्ही दिलेल्या ध्वनिफितींत रागाचा एकही नमुना नाही. राग आला की स्नायूंचे संकेत ओळखीच्या कक्षेबाहेर जातात. मग सॉफ्टवेअरला अंदाज करावा लागतो. शंका असेल तिथं आमचा सौजन्य थर काम करतो. म्हणजे जवळचं, पण सौम्य वाक्य निवडलं जातं."

हा थर बंद करा.

"तो बंद करता येत नाही मॅडम. मूळ प्रणाली ग्राहकसेवा केंद्रांसाठी बनली होती, त्यामुळे तो तिच्या अगदी मुळातच आहे. आणि खरं सांगू का, लोकांना तो आवडतो. आमच्या पाहणीत समाधान फार वरचं आहे."

बोलता न येणाऱ्या लोकांनी सांगितलं हे?

"नाही, म्हणजे... अर्ज बहुधा घरची मंडळी भरतात."

वैजयंतानं मान वळवून जालिंदरकडे पाहिलं. तो टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं तो अर्ज भरला होता. समाधान: पूर्ण. सूचना: काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच सोलापूरच्या एसटीत बसली.

इलाहीभाईंच्या दुकानात भिंतीला टेकून एक थोराड सिंथेसायझर उभा होता आणि टेबलावर लॅपटॉप. वैजयंतानं भुंग्यातून सगळं सांगितलं, मध्ये मध्ये दम घेत. मग इलाहीभाईंनी उठून सिंथेसायझर चालू केला.

"ताई, ऐका. हा जुना पेटारा. आणि लॅपटॉपमध्ये ह्याचीच नक्कल, सॉफ्टवेअर." त्यांनी दोन्हींवर एकच खर्जाचा स्वर धरला. "फरक कळतो?"

"नाही," ती म्हणाली.

"मलाही नीट कान दिल्याशिवाय कळत नाही. हा थोडा डुलतो, गरम होतो तसा सरकतो. तो जागच्या जागी राहतो. लग्नाच्या सुपारीला मी लॅपटॉपच नेतो, हा पेटारा कोण उचलणार? सॉफ्टवेअर वाईट नसतं. आता बघा." त्यांनी फिल्टरची कळ शेवटपर्यंत फिरवली आणि बाहेरून जादा वीज सोडली. पेटारा कळवळल्यासारखा ओरडला, खिडकीची काच थरथरली. लॅपटॉपवर त्यांनी तीच कळ शेवटपर्यंत नेली. आवाज वाढला, टोकदार झाला आणि एका पातळीवर गुमान थांबला.

"सॉफ्टवेअरलाही असं ओरडता येतं. बनवणाऱ्यानं येऊ दिलं तर. इथं त्यानं रेष मारलीय, ह्याच्यापुढं नाही. गाण्यात ठीक आहे, स्पीकर वाचतात. पण माणसाच्या तोंडावर अशी रेष कुणी मारली? कुणाला विचारून?" बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. "तुमच्या भुंग्यात मी असलं काही घालू शकलो नसतो ताई. त्याला मराठी येतच नाही. त्याला फक्त नाद येतो. शब्द तुमचे तुम्हालाच करावे लागतात, मग तो बदलणार काय?"

दुपारभर त्यांनी चाचणी केली. कंठिकेच्या पट्ट्याच्या कडेला भुंग्याच्या चकत्या चिकटवून तिचं एकच बोलणं एकाच वेळी दोन्ही यंत्रांना दिलं. वैजयंता शांतपणे म्हणाली, "मी सोलापूरला आले." दोन्हींतून तेच आलं. मग इलाहीभाईंनी गरडांचं पत्र तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "आता ह्यांना उत्तर द्या." तिनं दिलं. भुंग्याची वाक्यं एका फितीवर नोंदली गेली आणि कंठिकेची दुसऱ्या. "तुम्ही गुन्हा केलात" या ठिकाणी कंठिका म्हणाली होती, "तुमच्याकडून चूक झाली असावी."

"असावी," इलाहीभाई म्हणाले आणि त्यांनी यंत्रं बंद केली.

त्या फितींच्या जोरावर वैजयंतानं पुन्हा साक्षीची मागणी केली. निंबाळकरांनी दोनदा नाकारली. तिसऱ्या अर्जाला सदतीस पालकांच्या सह्या जोडल्या, तेव्हा अर्धा तास मिळाला.

साक्षीच्या आदल्या दिवशी जालिंदर म्हणाला, "निदान त्या यंत्रातून तू लिहून दिलेलं निवेदन वाचून दाखव. शांतपणे वाचलंस तर ते बदलत नाही, तूच म्हणालीस. भुंगा कशाला?"

"म्हणजे मी चिडायचं नाही?" ती भुंग्यातून म्हणाली.

"वैजू, तो आवाज परत आला तेव्हा मला वाटलं, तू परत आलीस."

"मी गेले कधी होते?"

तो उठून खिडकी लावून आला. मग म्हणाला, "लोकांसमोर मला तो भुंगा ऐकवत नाही. मी येत नाही उद्या."

ती तनुजाला घेऊन गेली. तनुजा कुबड्या भिंतीला टेकवून मागच्या बाकावर बसली. आधी दोन्ही फिती वाजल्या. गरड म्हणाले, "ऑर्केस्ट्रावाल्याच्या दुकानातला हा पुरावा काय?" निंबाळकरांनी त्यांना हातानंच थांबवलं. त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मागच्या वेळी आपण शहाणपण म्हणून काय वाखाणलं होतं, ते त्यांना बहुधा आठवलं असावं.

मग वैजयंता उभी राहिली.

"त्या दिवशी दुपारी तनुजाचा गुडघा सुजलेला होता," भुंगा घरघरला. "मी बर्फ लावला. मी सांगितलं, ही खेळणार नाही. मी पंचांच्या टेबलाशी गेले, तेवढ्यात त्यांनी सुई टोचली."

पडद्यावर उमटत होतं: अस्पष्ट ध्वनी. अस्पष्ट ध्वनी. अस्पष्ट ध्वनी.

"बघा साहेब," गरड पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "मी काय सांगत होतो? यंत्रालाही कळंना. आम्हाला कसं कळणार?"

"मला कळतंय."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. लतिका दुधाळांनी वही उघडली होती आणि पेन्सिल कागदावर चालत होती. "बर्फ लावला. ही खेळणार नाही असं सांगितलं. पंचांच्या टेबलाशी गेल्या तेवढ्यात सुई टोचली," त्यांनी वाचून दाखवलं. "शब्द न् शब्द कळतोय साहेब. बोला मॅडम, मी लिहितेय."

वैजयंता बोलली. तिचा श्वास वाढला तसा फिल्टर उघडत गेला, स्वर फाटला, किरकिरला, टाळूतला स्पीकर तिच्या दातांत झणझणला. "मी चार वेळा नको म्हणाले. तुम्हाला ते कळलं होतं, गरड सर. न कळलेल्या माणसाला हसू येत नाही. तो परत विचारतो. तुम्ही हसलात, कारण माझ्या आवाजाला हसणं सोपं होतं. या पोरीनं आठ वर्षं पहाटे साडेपाचला मैदान गाठलं. तुम्ही तिचा पाय चषकाच्या फोटोसाठी मोडलात. हा गुन्हा आहे. 'असावा' नाही. आहे."

लतिकाबाईंची पेन्सिल थांबली, तेव्हा खोलीत फक्त भुंग्याची मंद गुणगुण उरली होती. वैजयंताला धाप लागली होती आणि प्रत्येक श्वासाला तो हलकेच चढत-उतरत होता. गरड हसत नव्हते.

अहवाल महिन्याभरानं आला. प्रशिक्षिकेची हरकत स्पष्ट होती आणि ती डावलून खेळाडूला उतरवलं, असं त्यात लिहिलं होतं. गरडांना प्रतिष्ठानच्या सर्व पदांवरून काढावं, अशी शिफारस होती. गरडांनी त्याआधीच प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला आणि प्रतिष्ठाननं त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. त्याचा फोटो वर्तमानपत्रात पाहून वैजयंतानं ते पान चुलीत घातलं नाही, जपून फाइलला लावलं. पोलिसांकडे द्यायच्या तक्रारीला तिला तो लागणार होता. तनुजावर शस्त्रक्रिया झाली. ती चालते, जिना उतरताना कठड्याला धरते. पंचांच्या परीक्षेचा अर्ज तिनं भरलाय, पण सराव बघायला ती अजून येत नाही आणि वैजयंताही तिला ये म्हणत नाही.

कंपनीचं पत्र आलं. उपकरणाची अनधिकृत चाचणी केल्यामुळे कंठिका परत घेण्यात येत होती. सौजन्य थराबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. वैजयंतानं तोवर कंठिका लावणाऱ्या सतरा माणसांचे पत्ते मिळवले होते. त्यातल्या अकरा जणांनी लिहून कळवलं होतं की त्यांनाही हेच वाटायचं, पण घरचे म्हणायचे, तुझाच काहीतरी गैरसमज होतोय.

पट्टा न्यायला कुरिअरवाला दुपारी चारला येणार होता. जालिंदर रजा टाकून घरी थांबला होता. साडेतीनला तो खोक्यापाशी आला, पट्टा बाहेर काढून हातात धरून उभा राहिला.

"एकदाच," तो म्हणाला. "जायच्या आधी एकदा त्या आवाजात बोल माझ्याशी. काहीही बोल."

वैजयंतानं त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टा गळ्याला लावला. तिला आल्याच्या चहाचं बोलायचं नव्हतं. दीड महिना जे घशाशी साठलं होतं, तेच तिनं म्हटलं.

"तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात," तिचा जुना, किंचित नाकातला, सुरेल आवाज म्हणाला.

जालिंदरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हसला, तिचा हात धरायला पुढं झाला, आणि थांबला. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ओठ दातांखाली दाबलेला होता. एवढ्या गोड वाक्यासाठी कुणाची मान अशी ताणत नाही.

"हे तू म्हणाली नाहीस," तो म्हणाला.

तिनं नकारार्थी मान हलवली.

जालिंदरनं स्वतःच्या हातानं पट्टा सोडवला आणि खोक्यात ठेवला. कपाटावरून भुंगा काढून आणला. चकत्या कुठे लावायच्या ते त्याला माहीत नव्हतं. तीन वर्षांत त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं त्याचं बोट धरून गळ्यावरची जागा दाखवली, आणि त्यानं त्या एकेक करून दाबून बसवल्या. मग तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"आता सांग."

भुंगा थंड होता. स्वर खाली बसलेला, खरखरीत.

"तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिला नाहीत," वैजयंता म्हणाली.

"नाही राहिलो," जालिंदर म्हणाला.

ती पुढं बोलू लागली. बरंच बोलायचं होतं. चारला दारावरची घंटा वाजली, पुन्हा वाजली, पण तो उठला नाही.